चिखलाचा फोटो

"हा काढून टाक," बाबा म्हणाले.

लेकीने डोळे मिटून घेतले. फोटो सकाळच्या तळ्याचा होता. पाण्यावर कोवळं ऊन, आणि त्यावर उतरणारा पक्ष्यांचा भलामोठा थवा. काढलेलाही बाबांनीच. त्यांच्याच कपाटात धूळ खात पडला होता, तो तिने शोधून काढला होता.

"मग वेबसाइटवर कुठला लावू?"

"आधीचाच बरा होता."

आधीचा म्हणजे भर दुपारचा चिखल. मागे एक वठलेलं झाड. पक्षी औषधालाही नाही.

दिवसभर ऑफिसात ती लोकांच्या वेबसाइट नटवायची आणि घरी आली की बाबांची घेऊन बसायची. कंबर धरली होती, डोळे चुरचुरत होते. पण हे काम तिला करायचंच होतं. डोंगरापलीकडच्या त्या तळ्यावर पक्ष्यांच्या नोंदी ठेवत बाबांनी उभा जन्म काढला होता, गमबूट घालून, थंडीवाऱ्यात. आणि जगाला दाखवायला काय, तर ही करड्या रंगाची, मुंगीएवढ्या अक्षरांची वेबसाइट! इतकी जुनी, की तळ्याचं नाव शोधलं की सगळ्यात आधी तीच यायची. उघडणारा माणूस मात्र लगेच पळ काढायचा. बाबांच्या कामाचं कौतुक त्यांच्या डोळ्यांदेखत व्हावं, एवढंच तिचं म्हणणं होतं.

बाबांचं भलतंच. मोठे फोटो? नकोत. जायचा रस्ता, नकाशा? मुळीच नको. जळवांची माहिती तेवढी सगळ्यात वर घे, म्हणाले.

"अगं, ते ऐकायचे नाहीत," आई आतून ओरडली. "लग्नाच्या फोटोंतूनसुद्धा मी शिंकतेय तो निवडून भिंतीवर लावलाय यांनी!"

एरवी लेक हसली असती. आज तिला रडूच आलं.

"बाबा, थकले मी. लोक येतात, चिखल बघतात आणि नाक मुरडून जातात. तुम्हाला काहीच वाटत नाही का हो?"

"वाटतं की. बरं वाटतं."

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. बाबा खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले. तेही दमलेले दिसत होते.

"या पक्ष्यांना माणसाची चाहूल सोसत नाही गं. आपल्या तळ्याच्या पलीकडेही असंच एक तळं होतं. कुणीतरी हौसेने त्याचे छान छान फोटो टाकले. पुढच्या हंगामात काठावर गाड्याच गाड्या. त्याच्या पुढच्या हंगामात मी गेलो, तर एक पीससुद्धा नव्हतं. पक्षी हरवले आणि लोकही यायचे थांबले. हे एकच तळं उरलंय आता."

लेकीने थव्याचा फोटो काढून टाकला. चिडचिड मात्र गेली नव्हती.

"मग गप्प बसायचं ना! मुळात वेबसाइट काढलीतच कशाला?"

"नाहीतर दुसऱ्या कुणीतरी चांगली काढली असती."