पांढऱ्या फिती

फोटोतली फीत कलाबाईने पाहताक्षणी ओळखली. पांढरी, बोटभर रुंद, दोन्ही किनारी घट्ट विणलेल्या. समोरचा माणूस ओळखायला तिला चष्मा लागायचा, फीत ओळखायला लागत नव्हता.

सुरतेजवळच्या इच्छापोरच्या भंगारवाड्यात जेवणाची सुट्टी झाली होती. पत्र्याच्या सावलीत माणसं डबे उघडून बसली होती आणि शीतल नावाची मुलगी त्यांच्यापुढे मोठाले फोटो धरून उभी होती. लढाई संपल्यावरही माणसं मारणारी हत्यारं बंद व्हावीत म्हणून देशोदेशी खटपट करणाऱ्या एका संस्थेकडून ती आली होती. शेठने तिला जेवणापुरताच वेळ दिला होता. कामाचा खोळंबा नाही आणि पुण्य फुकटात.

ती सांगत होती ते सगळ्यांना कळत होतं. एक मोठा बॉम्ब हवेत उघडतो, त्यातून टॉर्चच्या सेलएवढे पुष्कळ बॉम्ब खाली पडतात, प्रत्येकाच्या डोक्याला एक फीत. काही फुटतात, काही नुसतेच पडून राहतात. सैनिक घरी जातात, हे शेतात राहतात. मग त्या मुलखातल्या मोडक्या गाड्या, पाइप, पत्रे भंगारात निघतात आणि त्यांच्यासोबत हेही कंटेनरमधून हजीऱ्याच्या बंदरात उतरतात. शंभरावर देशांनी करार केलाय, ती म्हणाली, हे बनवायचे नाहीत, विकायचे नाहीत, वापरायचे नाहीत.

आपल्या देशाने सही केली का, असं आनंदा नावाच्या मजुराने विचारलं. शीतलने अजून नाही म्हणून सांगितलं. ज्यांनी टाकले त्यांनी? त्यांच्यातल्या बहुतेकांनी नाही.

"मग सह्या केल्या कोनी? ज्यास्ना डोक्यावर पडले त्यास्नी?"

"त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी," शीतल म्हणाली. आनंदा भाकरीचा तुकडा मोडू लागला.

कलाबाईने डबा झाकून ठेवला. याच रस्त्यावरच्या दुसऱ्या एका भंगारवाड्यात मागच्या वर्षी दगा नावाचा तिचा भाऊ स्फोटात गेला. त्याच्या हातात काय होतं ते कोणालाच कळलं नाही, कारण ते उरलं नाही आणि हातही उरला नाही. तेव्हापासून कुठे पत्रा आपटला की ती हातातलं टाकून मागे सरायची. ढिगाकडे पाठ केली की दगा मागून "बहीन" म्हणून हाक मारतोय असं वाटायचं आणि ती चक्क ओ द्यायची. बायका आधी हसायच्या, मग हसेनाशा झाल्या. दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितो, पण दूध दिसतं कसं हेच माहीत नसेल तर तो फुंकणार तरी कशावर?

गेल्या आठवड्यात परदेशी मालाचा नवा ढीग पडला होता. त्यात लोखंडाची आखूड, गंजकी डबडी होती आणि त्यांच्या डोक्याला या फिती. कडोदऱ्याच्या कापडाच्या लूमवर उभी हयात गेलेल्या बाईला फीत दिसल्यावर लोखंड कुठलं दिसायला! तिने किनार चिमटीत धरून पाहिली. इतकी चांगली विणलेली वस्तू भट्टीत जाणार म्हणून तिला हळहळ वाटली. साड्यांचे धागे कापायची छोटी कातर अजून तिच्या कमरेला असायची. तिने फिती कापून घेतल्या, डबडी ढिगात भिरकावली. घरी एक धागा काडीने जाळून पाहिला, वितळून त्याचा मणी झाला, म्हणजे नायलॉन. धुऊन नातीच्या वेण्यांना बांधल्या. आज सकाळी पोर त्याच वेण्या घालून शाळेत गेली होती.

"हीच फीत लक्षात ठेवायची," शीतल सांगत होती. "दिसली की हात लावायचा नाही. सगळ्यांना थांबवायचं, मागं सरायचं, पोलिसांना फोन करायचा." माना डोलल्या. तेवढ्यात मुकादम नितीन "चालो, कामे लागो" म्हणून ओरडला आणि माणसं उठली. कलाबाईची मुलगी जयश्री टोपली घेऊन ढिगावर चढू लागली.

कलाबाई बसूनच राहिली. बोललं तर वाडा बंद पडेल, आणि कोणामुळे ते सगळ्या सुरतेतल्या खानदेशी माणसांना कळेल. न बोलावं, तर ढिगावर जयश्री आहे. आणि बोलून तरी काय दाखवणार होती ती? मशीनने मधल्या दिवसांत अख्खा ढीग खालवर केला होता.

"ताई," ती म्हणाली, "फीत दिसली तर लांब राहू. पन कोनी ती कापी लिनी व्हई तर?"

फोटो गोळा करणारी शीतल थांबली. "कोणी कापली, मावशी?"

"मीच. आनि लोखंड ढिगमा फेकी दिधं."

शीतलने धावत जाऊन नितीनला मशीन बंद करायला लावलं. कलाबाई उठली. तिला किंचाळावंसं वाटत होतं, पण आवाज चढला तर लेक दचकेल, म्हणून ती जात्यावर दळताना बोलावं तशी संथपणे बोलली.

"जयश्री, हालू नको. जठे उभी शेस, तठेच ऱ्हाय."

मशीन थांबलं. घणांचे आवाज एकेक करत बंद पडले. जयश्री ढिगाच्या मधोमध होती, टोपली कमरेवर, एक पाय उचललेला. तिने खाली पाहिलं. गंजलेले पाइप, कापलेल्या सळ्या, आखूड डबडी, सगळं एकाच रंगाचं.

"माय," ती हळूच म्हणाली, "आते पाय कोठे ठेवू?"