व्हर्नाच्या आवारातला कॅम्पर

"ते डबडं उद्यापर्यंत हललं नाही ना, तर मी काउंटीचा माणूस बोलावीन," व्हर्ना स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच ओरडली.

डॉयल कॅम्परच्या पायरीवर बसून कॉफी पीत होता. "बोलाव की, ताई."

तो तिचा धाकटा भाऊ. वय सहासष्ट. जन्मभर त्याने ओरेगनच्या जंगलातून ओंडके वाहणारे ट्रक हाकले, आणि आता ही लांबलचक राहायची गाडी आणून तिच्या घराच्या आणि हेझलनटच्या झाडांच्या मधोमध उभी केली होती. विजेची वायर तिच्याच व्हरांड्यातून ओढलेली. पाण्याचा पाइपही तिच्याच नळाला.

व्हर्नाने एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. नापास होणाऱ्या मुलांकडे ती जशी बघायची, तशीच भावाकडे बघायची.

"या वयात माणसं नातवंडं खेळवतात," ती म्हणाली. "आणि तू बहिणीच्या दारात चाकांवर राहतोस. लाज कशी वाटत नाही रे?"

"वाटते ना अधूनमधून," डॉयल म्हणाला आणि उठून सरळ स्वयंपाकघरात आला. दार वाजवलं नाही, बूट काढले नाहीत. शेगडीपाशी जाऊन त्याने बटण बंद केलं.

"माझी शेगडी आहे ती!"

"हो. किटलीत पाणी नव्हतं."

"मी घालणारच होते. स्वतःला घर नाही आणि दुसऱ्याच्या घरात हुकूम चालवायला आलाय." मग तिने भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं. "माझ्या गाडीची किल्ली कुठाय?"

"माझ्याकडे. ब्रेक बघून घ्यायचेत."

"ब्रेक म्हणे! माझी गाडी घेऊन गावभर हिंडायचंय, दुसरं काय?"

 डॉयलने किटली धुतली, भरली, आणि पाणी उकळेपर्यंत तिथेच उभा राहिला. त्याचं हे गप्प उभं राहणं तिच्या सगळ्यात जास्त डोक्यात जायचं.

दुपारी तिने मॅक्सीनला फोन लावला. मॅक्सीन तिच्या चर्चमधली जुनी मैत्रीण.

"एक दिवस राहतो म्हणून आला, आठवडा झाला! मी त्याला आत आंघोळसुद्धा करू देत नाहीये. फुकट्यांना एकदा सवय लागली की संपलं."

मॅक्सीन हळूच म्हणाली, "डॉयल भला माणूस आहे गं, व्हर्ना."

"तुझ्या अंगणात ठेव मग. दोन दिवसांत पडदे विकून खाईल."

फोन ठेवला आणि तिने लगेच काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कार्यालयात लावला. आवारात गाडी लावून तिच्यात कायमचं राहणं नियमात बसत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. नाव, पत्ता, तक्रार असं तिने स्वच्छ शब्दांत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ओरोस्को नावाची तरुण अधिकारी बाई आली. बगलेत फाइल. पुढच्या दाराकडे न वळता ती बाजूच्या फाटकातून थेट मागे गेली.

"नमस्कार, डॉयल. गुडघा कसा आहे?"

व्हर्ना व्हरांड्यातून हे बघत होती. बयेला याने आधीच गोड बोलून खिशात घातलंय तर! ती तरातरा पायऱ्या उतरली.

"कधी हलवताय हे डबडं?"

"हलवता येणार नाही, मॅडम," ओरोस्को शांतपणे म्हणाली. "त्यांच्याकडे परवाना आहे. घरात कुणी आजारी असलं, तर काळजी घ्यायला नातेवाइकाने आवारात अशी गाडी लावून राहिलेलं चालतं. डॉक्टरांचं पत्र लागतं. ते जोडलेलं आहे."

व्हर्ना मोठ्याने हसली.

"असं आहे होय! आजार घेऊन आलाय माझ्या दारात! आणि मी याची आया व्हायचं?" ती भावाकडे वळली. "काय झालंय रे तुला? दारूने यकृत गेलं का?"

डॉयल पायाखालच्या गवताकडे बघत राहिला.

"डॉयल आजारी नाहीत," ओरोस्को म्हणाली. "ते काळजी घेणारे आहेत."

"काळजी? हा? एक मांजर नाही सांभाळलं याने कधी. आणि इथे आजारी आहे तरी कोण?"

ओरोस्कोने डॉयलकडे पाहिलं. त्याने हळूच होकारार्थी मान हलवली. मग तिने फाइलमधला कागद काढून व्हर्नाच्या हातात दिला.

रुग्णाचं नाव: व्हर्ना टॉलिव्हर. आजार: स्मृतिभ्रंश. खाली घरमालकिणीची संमती, तिच्याच वळणदार अक्षरात सही. सहीशेजारी तारीख होती, दोन वर्षांपूर्वीची.