अंगठ्याचं माप

सकाळी सहाला लेक घरी बांधलेल्या दोन चाकांवर लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतीला निघाली.

कॉलेजात गणित शिकवणाऱ्या या लेकीने पुढच्या चाकासाठी तीन संध्याकाळी मोजमाप करून स्पोकची लांबी काढली होती: दोनशे एक्क्याण्णव पूर्णांक सहा मिलिमीटर. सायकलच्या दुकानात चाळीस वर्षं काढलेल्या बाबांनी रिमवर नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दोनशे ब्याण्णव घे." लेकीने तोंडात बोट घातलं. मागच्या चाकाच्या वेळी ती आकडेमोडीच्या वाटेला गेलीच नाही.

"बाबा, तुम्हीच सांगा."

पुन्हा अंगठा फिरला. "डावीकडे ब्याण्णव, उजवीकडे नव्वद."

आठ वाजता चहा ओतताना आईने विचारलं, "अहो, नुसत्या अंगठ्याला कळतं तरी कसं?"

"डोंबल कळतंय. दुकान बंद केलं तेव्हा स्पोकची दोनच खोकी उरली होती. एक ब्याण्णवचं, एक नव्वदचं. पहिल्यांदा जुळलं ते नशीब."

"आणि चुकीच्या स्पोकने मागचं चाक मोडलं तर? पोरीला तसं सांगायचं ना."

"जन्मात पहिल्यांदा माझं ऐकत होती गं ती."

आईने चहा तसाच ठेवून फोन उचलला. लेकीचा मेसेज येऊन पाच मिनिटं झाली होती.

"घाट चढले. आता सलग बारा किलोमीटर उतार. फोन बंद करतेय."