सुकाणूपाशी कोण

चित्रपटातला निरोपाचा प्रसंग जवळ आला तशी निवड समितीची मंडळी सावरून बसली. त्यांच्या खुर्च्या पडद्याकडे पाठ करून मांडलेल्या होत्या. ही पद्धत चित्रपट कंपनीच्या मालकीणबाईंनीच घालून दिलेली: उमेदवाराला मालिकेतला सर्वांत गाजलेला चित्रपट दाखवायचा आणि समितीने चित्रपट नव्हे, उमेदवाराचा चेहरा पाहायचा.

अवकाशयानाच्या त्या मालिकेचा आठवा चित्रपट दिग्दर्शकावाचून अडला होता. भागीदार कंपनीने आज दुपारपर्यंतची मुदत दिली होती. तोवर नाव ठरले नाही, तर माणूस ते नेमणार होते आणि चित्रपटही मग त्यांच्याच मर्जीने होणार होता. मालिकेचे दिग्दर्शक असलेले साहेब वारल्यापासून कंपनी बाई चालवत होत्या. नवऱ्याने उभे केलेले यान परक्याच्या अंगणात उतरलेले त्यांना पाहायचे नव्हते.

आतापर्यंतचे सगळे उमेदवार या प्रसंगाला न चुकता रडले होते. एकाने कप्तानाचे संवाद त्याच्याबरोबर पुटपुटले होते, तर दुसरा लहानपणी शिवून घेतलेला यानाचा गणवेश पिशवीत घालून घेऊन आला होता. बाईंचे डोके उठले होते.

"मला भक्त नकोत हो, भाऊजी," त्या सकाळीच दिराला म्हणाल्या होत्या. "भक्ताच्या हातून देव जागचा हलत नाही. मला यान हलवायचंय."

वितरणाचे काम पाहणाऱ्या दिराने त्यावर, वहिनींनी रक्तदाबाची गोळी घेतली का, एवढेच विचारले होते.

आजची उमेदवार चाळिशीची दिग्दर्शिका होती. तिच्या नावावर दोनच लहान चित्रपट होते आणि त्यांतला एक पहिल्यापासून शेवटपर्यंत रुग्णालयाच्या लिफ्टमध्ये घडत होता. सातही चित्रपटांत कप्तानाचे काम केलेल्या आणि आता घरच्यांनाही कप्तान म्हणूनच हाक मारावी लागणाऱ्या, समितीतल्या नटाने, ती लिफ्ट निदान वर तरी जाते का, असे विचारून घेतले होते.

पडद्यावर कप्तानाचा आवाज घोगरा झाला. यानाच्या पाठीमागच्या खिडकीत पृथ्वी लहान होत चालली होती. साहेबांनी चित्रित केलेला हा शेवटचा प्रसंग. समिती दिग्दर्शिकेच्या डोळ्यांत पाणी येण्याची वाट पाहत असतानाच ती हसली. मोठ्याने नाही, पण तोंडावर हात नेऊनही ते हसू लपले नाही.

दिवे लागले. कप्तान उठून उभा राहिला. हा प्रसंग पाहिल्यावर लोक घरी जाईपर्यंत एकमेकांशी बोलत नसत, हे त्याने शक्य तितक्या शांतपणे सांगितले. "आणि तुम्हाला गंमत वाटली," तो म्हणाला.

तिने मनापासून माफी मागितली. मग जरा चाचरत ती म्हणाली, "तुम्ही सगळे खिडकीशी आहात. यान चालवतंय कोण?"

यान आपोआप चालत असणार, एवढी सोय असतेच, असे दिराने सुचवून पाहिले. ती सोय दुसऱ्या चित्रपटातच बिघडली आणि पुढे कधी दुरुस्त झाली नाही, तिसऱ्यातला अपघात तर त्यामुळेच झाला, हे तिने त्याला समजावून सांगितले. दिराने तिसरा चित्रपट वितरित केला होता. तो छताकडे पाहू लागला.

बाईंनी प्रसंग पुन्हा लावायला सांगितला आणि आपली खुर्ची करकर आवाज करत पडद्याकडे फिरवली. नाइलाजाने इतरांनीही फिरवल्या. स्वयंपाकी, डॉक्टर, दोन्ही चालक, सगळे खिडकीला चिकटलेले. मध्यभागी सुकाणूसमोरची खुर्ची रिकामी, आणि तिच्यापुढचे दिवे आपले लुकलुकत होते.

"कमाल आहे," बाई म्हणाल्या. "एवढी माणसं सेटवर, आणि एकालाही दिसू नये?"

कोणावर चिडावे, हे मात्र त्यांना उमगेना. जो चुकला होता, त्याच्यावर आता चिडता येत नव्हते.

"तुम्ही काय केलं असतं?" त्यांनी विचारले.

दिग्दर्शिकेने पडद्यावरच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवले. "एकाला तिथं बसवलं असतं. घर त्याचंही सुटतंय. रडू त्यालाही येतंय, पण हात काढता येत नाहीत. कॅमेरा पूर्ण वेळ त्याच्यावर. खिडकीतली माणसं नुसती पाठमोरी."

बाईंनी चष्मा काढला. पुसला मात्र नाही, नुसता हातात धरून ठेवला.

दिराचा फोन वाजू लागला. भागीदारच होते. आणखी दोन दिवस मागून घेऊ, असे तो घाईघाईने सांगू लागला. लोकांना कप्तान लागतो, त्याची पाठ पाहायला कोण येणार, आणि या दिग्दर्शिकेला यानाचा काहीच अनुभव नाही.

"नाव सांगून टाका, भाऊजी."

"कोणाचं?"

"हिचं. आणखी कोणी उरलंय का?"

दीर फोन कानाला लावून बाहेर गेला. कप्तान अजून उभाच होता. पडद्यावर चित्र थांबवलेले होते आणि त्यात त्याचाच चेहरा, तरुण, भलामोठा, ओला.

"आठव्यात सुकाणूपाशी जो बसलेला असेल," त्याने दिग्दर्शिकेकडे न पाहता विचारले, "त्याला एकदा तरी मागं वळून बघता येईल?"

"नाही."

तो त्या चेहऱ्याकडे पाहत राहिला.

"बरं," तो म्हणाला. "मग तो मी करतो."