पॅनेलवरचं लुगडं

कडी हलेना. अंबुजाबाईंनी आधी ती हळूच ओढली, मग जोर लावला, मग तांब्याने ठोकली. न्हाणीघराचं दार ढिम्म राहिलं. घरात दुसरं कुणी नव्हतं. मुलगा श्रीकर बंगळुरूला, फोन स्वयंपाकघरात, आणि बाहेर तंजावूरच्या मे महिन्यातलं कत्तिरीचं, अंग भाजून काढणारं ऊन.

"विशालाक्षी! अगं विशालाक्षी!" त्यांनी झरोक्याकडे तोंड करून हाका मारल्या. पण शेजारणीला ऐकू जाणार कसं? सगळी गल्ली दारंखिडक्या लावून एसीत बसलेली. तोंडावर पाणी मारावं म्हणून नळ सोडला, तर गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हात भाजेल असं आलं. बाई मटकन पाटावर बसल्या. वय एकाहत्तर, रक्तदाबाची गोळी अजून घ्यायची. आपण इथेच मरणार, असं वाटून त्यांना रडू फुटलं.

बादलीत सोवळ्याचं लुगडं पिळून पडलं होतं. एरवी ते नऊच्या ठोक्याला गच्चीवर गेलं असतं. दोन वर्षांपूर्वी श्रीकरने सगळी गच्ची सोलर पॅनेलनी भरली, दोरीचे खांबसुद्धा काढून टाकले. मग बाई कुणाचा हात लागू नये म्हणून काठीने लुगडं थेट पॅनेलवर पसरू लागल्या. किती वीज बनते ते श्रीकरला तिकडे मोबाइलवर दिसायचं. लगेच त्याचा फोन. "अम्मा, पुन्हा लुगडं? वीज निम्म्यावर आली! काढ आधी!"

बाईही वस्ताद. 'हो हो' म्हणायच्या आणि खडखडीत वाळल्याशिवाय काढायच्या नाहीत.

आज पॅनेल मोकळी होती. आज खूश असेल स्वारी, असं मनात येऊन त्यांना लेकाचा भयंकर राग आला. घामाने अंग निथळत होतं. साडेदहा वाजून गेले असावेत. हाका मारायचंही त्राण उरलं नव्हतं.

तेवढ्यात घराचं मागचं, विहिरीकडचं दार वाजलं. ते दिवसा उघडंच असायचं. पाठोपाठ विशालाक्षीचा आवाज आला. "अय्यो, आत अडकलात होय! अंबुजाक्का, दारापासून सरका!"

तिने फटीत कोयता घालून कडी उचकटली. बाई भिंतीला धरून बाहेर आल्या.

"तुला कसं कळलं गं?"

विशालाक्षीने हातातला चालू फोन त्यांच्या कानाला लावला. पलीकडे श्रीकरचा आवाज कापत होता.

"अम्मा! आज लुगडं का नाही घातलंस वाळत?"