क्लचवरचा पाय

वैजयंतीने क्लच दाबला आणि मागचा, माती फोडणारा रोटावेटर फिरायचा थांबला. मागच्या सालच्या हळदीतली ठिबकची नळी मातीतून वर आली होती आणि पात्यांना वेटोळे घालून बसली होती. वैजयंतीने रोटावेटर वर उचलला. तिचे सासरे जगदेव विळा घेऊन बांधावरून निघालेच होते.

"तू क्लच दाबूनच राह्य," ते जवळ येत म्हणाले. "आत्ता कापतो."

तिचा नवरा ऋषिकेश हा छोटा ट्रॅक्टर चालवायचा तेव्हा असंच चालायचं. तो क्लच दाबून बसायचा, बाप मागे वाकून अडकलेली वायर, दोरी, जे असेल ते ओढून काढायचा. आता ऋषिकेश शेलूबाजारला जीपवर ड्रायव्हर म्हणून जात होता. ट्रॅक्टर वैजयंतीकडे आला होता.

जगदेव वाकले. विळ्यासकट हात पात्यांच्या आत गेला. वैजयंतीने मान वळवून त्यांच्या पाठीकडे पाहिलं, मग आपल्या पायाकडे. घामाने ओली झालेली चप्पल पॅडलवरून जराशी सरकत होती. पाय सुटला की पाती फिरणार.

"मामाजी, हात काढा."

"काहून?"

"काढा आधी!"

त्यांनी दचकून हात काढला. तिने इंजिन बंद केलं.

सगळं शिवार एकदम गप्प झालं. जगदेव ताठ उभे राहिले.

"हे काय केलं तू? आता चालू कसा होईन हा?"

बॅटरी उतरलेली होती. सकाळी घरासमोरच्या उतारावरून ढकलत नेला तेव्हा कुठे ट्रॅक्टर चालू झाला होता. इथे वावर सपाट, पायाखाली भुसभुशीत माती. सोयाबीन निघालं होतं आणि जमिनीत हरभऱ्यापुरती ओल होती. तीही उन्हाने उडत चालली होती. उद्यावर ढकलण्यासारखं काम नव्हतं.

"तुमचा हात माह्या पायाच्या भरवशावर होता," ती म्हणाली.

"ऋषीचा पाय कधी घसरला नाई."

"माहा घसरून राह्यला होता, मामाजी."

ती खाली उतरली. बांधावरचा बाभळीचा ओंडका लोटत आणला आणि उचललेल्या रोटावेटरच्या खाली सरकवला. सासऱ्यांच्या कपाळावरची आठी तिने पाहिली, पण ओंडका नीट बसेपर्यंत ती हलली नाही.

जगदेवांनी पुन्हा हात घातला. नळी चिवट होती. एकेक वेढा कापावा लागत होता. अर्धी नळी निघाली असेल, तेवढ्यात इंजिन बंद असल्याने तेलाचा दाब उतरला आणि तो जड रोटावेटर कोणी हात न लावता हळूहळू खाली आला आणि ओंडक्यावर टेकला. जगदेवांचं मनगट पात्याच्या खाली होतं. वर वीतभर जागा उरली होती.

त्यांनी हात बाहेर घेतला. मग दुसऱ्या बाजूने नळी कापायला लागले.

पलीकडच्या वावरातून पुंजाजी आपला मोठा ट्रॅक्टर आणि साखळी घेऊन आले. जगदेवांच्याच वयाचे, तोंडाचे फटकळ.

"बॅटरी नाई तं वावरात मशीन बंद करत नसतात, पोरी," साखळी अडकवता अडकवता ते म्हणाले. "जगदेव, तू सांगतलं नाई का हिले?"

वैजयंतीने सासऱ्यांकडे पाहिलं. आता तरी काही बोलतील असं तिला वाटलं. जगदेव साखळीची कडी तपासत राहिले.

ती गुमान सीटवर चढली. पुंजाजींनी ओढलं, तिने गिअर टाकून क्लच सोडला, धूर निघाला, ट्रॅक्टर चालू झाला. दुपारभर ती तास मारत होती, ते मागून हरभरा पेरत होते. भाकरीसुद्धा आळीपाळीने खाल्ली.

उन्हं कलली तेव्हा धुऱ्याकडची, बांधालगतची एक पट्टी उरली होती. तिथेच पुन्हा नळीचा तुकडा वर आला आणि पात्यांत गुंतला.

वैजयंतीने क्लच दाबला. रोटावेटर थांबला. तिने मागे पाहिलं. जगदेव विळा घेऊन येत होते. पलीकडे पुंजाजींचं काम आटोपलं होतं आणि त्यांचा ट्रॅक्टर गाडरस्त्याला लागत होता. ते गेले की ओढायला कोणी नाही. पट्टी तशीच राहणार, ट्रॅक्टर रात्रभर वावरात.

तिने सकाळपेक्षा जास्त जोर लावून पॅडल दाबून धरलं. मांडी भरून आली.

जगदेव रोटावेटरपासून चार हात अलीकडेच थांबले. त्यांनी पुंजाजींच्या ट्रॅक्टरकडे पाहिलं. मग उरलेल्या पट्टीकडे.

"बंद कर," ते म्हणाले.

"मामाजी, पुंजाजीकाका चालले ना."

"जाऊ दे. बंद कर, मंगच हात घालतो मी."

तिने इंजिन बंद केलं आणि पाय उचलला. पोटरीतून मुंग्या गेल्या.

आवाज थांबलेला ऐकून पुंजाजी गाडरस्त्यावर थबकले. सीटवरून मागे वळून त्यांनी हाक दिली, "काय रे जगदेव! हिनं आखीन बंद पाडला का?"

जगदेवांनी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि पार त्या टोकाच्या वावरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले,

"पाडला नाई! आमी केला!"