डावी टाच

"पहिल्यांदाच आलोय," असं गेटवर सांगून गुरुदत्त जीपमध्ये बसला.

हे धादांत खोटं होतं. ओमानमधल्या दुक्मच्या रिफायनरीतून दोन तास गाडी हाकत या अभयारण्यात यायची ही त्याची पाचवी खेप. पण पहिल्यांदा आलोय म्हटलं की गाइड ओरिक्स या हरणासारख्या वाळवंटी प्राण्यांची सगळी कुंडली मांडतो. ते कसे संपले होते, परत कसे आणले, पाण्यावाचून किती दिवस काढतात. तासभर कुणीतरी फक्त आपल्याशी बोलतं. कामगारांच्या कॅम्पात चार वर्षं काढलेल्या माणसाला तेवढ्यासाठी खोटं बोलायचं काही वाटत नाही. गाइडही दर वेळी नवा असायचा, त्यामुळे निभावून जायचं.

आज मात्र गाइड रजेवर होता आणि त्याच्या जागी आलेला म्हातारा रखवालदार जाफर अगदीच मुखदुर्बळ निघाला. कुंपणापाशी त्याने जीप थांबवली. पलीकडे बाभळीच्या सावलीला आठ-दहा ओरिक्स उभे होते, पांढरेशुभ्र, लांब सरळ शिंगांचे. गुरुदत्त उतरून जाळीपाशी गेला.

"ये पानी के बिना कितना दिन रहता है?" त्याने मुद्दाम विचारलं. उत्तर त्याला पाठ होतं.

जाफरचं लक्षच नव्हतं. तो गुरुदत्तच्या मागे वाळूत उमटलेल्या पावलांपाशी उकिडवा बसला होता.

"तुम पहला बार नहीं आया," तो म्हणाला.

खोटं पकडलं गेलं होतं, तेही परक्या मुलखात. आता काय काय विचारतील कोण जाणे.

"लेफ्ट एडी घसीटता है. इधर जाली के पास बहुत देर खडा रहता है." जाफरने वाळूवर बोट ठेवलं. "शिकारी लोग पकडने के वास्ते मैं रोज सबका पैर का निशान देखता. ये पैर हर महीना आता था. रमजान के बाद नहीं आया. मैं सोचा, मुल्क गया. अभी देखो, पैर हलका है. बीमार था?"

गुरुदत्तने वळून आपल्या पावलांकडे पाहिलं. ईदनंतर दहा दिवस तो तापाने खोलीत पडून होता. उगाच काळजी नको म्हणून घरी कळवलं नव्हतं. रोजच्या टेबलावर आपली खुर्ची रिकामी आहे हे मेसमध्ये कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. आणि इथे एक माणूस, ज्याने त्याचं तोंडही पाहिलेलं नव्हतं, दोन महिने वाळूत त्याला शोधत होता.

"बुखार था," तो म्हणाला. हे तो पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होता.

"अभी खलास?"

"खलास."

"अलहमदुलिल्ला." जाफर गुडघ्यावर हात टेकून उठला. "पानी का तो तुमको मालूम है. यल्ला, चलो."

तो जाऊन जीपमध्ये बसला. जीप दहा पावलांवर होती. गुरुदत्त तिकडे न जाता, कुणीच न तुडवलेल्या वाळूतून लांबचा वळसा घेत निघाला, एकेक पाऊल नीट दाबून, डावी टाच घासत.